पहाटे पाचला ऊन पाणी

आमच्या वसतिगृहात 42 पोरी आहेत. जवळजवळ सगळ्या नीटची तयारी करणाऱ्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा, गंगाखेड, कळंब अशा गावांहून लातूरला आलेल्या. साडेचारला गजर होतात, सहाला पहिला क्लास. म्हणजे पाऊण-एक तासात 42 आंघोळी. सूर्य उगवतो त्यानंतर. सगळी अडचण या एका वाक्यात आहे, आणि सोलर वॉटर हीटर बसवून ती सोडवायला मला वर्ष गेलं. आता घडी बसली आहे, म्हणून लिहून ठेवते. मेस, वसतिगृह किंवा मोठं एकत्र कुटुंब चालवणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी आमच्याकडं बंब होता. सासूबाईंच्या लग्नातला, तांब्याचा. पोरी दहा होत्या तोवर तुराट्या पेटवून भागलं. मग शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास यायला लागला, आणि ते रास्तच होतं. बंब गेला, तीन गीझर आले. गीझरला रांग लागली की पोरी खोलीत हीटरचा रॉड बादलीत सोडायच्या. कितीही रागवा, रॉड उशीखाली लपवून ठेवायच्या. जानेवारी 2025 मध्ये एकीला झटका बसला. हात झिणझिणण्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. गॅस गीझरचा विचार मी आधीच सोडला होता. बंद न्हाणीघरात त्याचा विषारी वायू साचून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण.

तर सोलर करायचं ठरलं. पण आमचे हे म्हणाले, "पॅनल बसवू, वीजच तयार करू, गीझर आहेतच." कागदावर बरोबर होतं. फक्त पॅनलची वीज दुपारी तयार होते आणि आम्हाला पाणी पहाटे लागतं. मी भावाच्या मुलाला हिशोब करायला बसवलं. हजार लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 46 युनिट लागतात. तेवढी वीज रात्रभर सांभाळायची तर बॅटऱ्यांचाच खर्च लाखांत जातो. तीच ऊर्जा गरम पाणी म्हणून ठेवायची तर लागते एक टाकी आणि तिच्याभोवती दोन इंच पफ, म्हणजे ऊब धरणारा फोम. चहा थर्मासमध्ये ठेवतो तसंच. सासूबाई आंघोळीच्या पाण्याला अजून "ऊन पाणी" म्हणतात. दुपारचं ऊन पहाटेपर्यंत टाकीत झाकून ठेवायचं, एवढंच काम.

जुलैमध्ये बोअरचं पाणी तपासून घेतलं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, तुम्ही गाळू नका. आमचा कठीणपणा निघाला लिटरला 640 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. म्हणजे आम्ही त्याही पलीकडं. गीझरची कॉइल दर वर्षी पांढऱ्या दगडासारखी का होते, ते तेव्हा कळलं. असं पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचं सपाट पॅनल लवकर चोंदतं. काचेच्या पोकळ नळ्या रुंद असतात, त्या तग धरतात. टाकीचंही तसंच. क्षाराच्या पाण्यानं साध्या स्टीललाही बारीक भोकं पडतात, म्हणून आतून काचेसारखा मुलामा दिलेली टाकी घेतली. तिच्यात मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो. तो दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो, आणि हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

दुसरी पायरी स्लॅबची. सासऱ्यांनी पाय रोवला. ते औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या चुलत्यांचं माळवद बसलं होतं. "गच्चीवर टनभर वज्जं ठिवायलाव, कुणाला इचारलं का?" असा त्यांचा सवाल. मला आधी वैताग आला, पण त्यांचं बरोबर होतं. हजार लिटर पाणी म्हणजेच एक टन, वर टाकी आणि लोखंडी स्टँड वेगळा. इंजिनिअरला 3,000 रुपये देऊन दाखवलं. त्यानं दोन्ही टाक्यांचे पाय तुळयांच्या वर येतील असं खडूनं आखून दिलं. त्या खडूच्या खुणांनी पुढं एक वेगळंच दुखणं दिलं, ते पुढं येईल.

ऑगस्टमध्ये तीन कोटेशनं मागवली. एकानं 2,000 लिटरची सांगितली, दुसऱ्यानं 1,500, तिसऱ्यानं विचारलं, "तुमचं बजेट किती?" मग मीच मोजलं. आंघोळीला एकीला वीस लिटर, कोमटापेक्षा थोडं जास्त, म्हणजे 40 अंश. 42 पोरींचं 840 लिटर. पण टाकीतलं पाणी 60 अंशांचं असेल तर त्यात जवळजवळ निम्मं गार मिसळावं लागतं. म्हणजे टाकीतून जाणार 420. हिवाळ्यात टाकी 50 वरच आली तर 560. शिवाय स्वयंपाकघराला शंभर. हजार लिटर पुरे होतं, 500 च्या दोन टाक्या. कोटेशन वाचताना लिटरपेक्षा नळ्या मोजा. नळी किती जाड, किती लांब आणि टाकीमागं किती, हे लिहून घ्या. आम्ही 500 ला 58 मिलिमीटरच्या, 1800 मिलिमीटर लांब 50 नळ्या घेतल्या. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये नळ्या तेवढ्याच होत्या, पण 47 च्या.

एका विक्रेत्यानं "सबसिडी करून देतो काकू" असं तीनदा सांगितलं. सोलर वॉटर हीटरची केंद्राची सबसिडी 2014 मध्येच बंद झाली. सध्या गाजते ती सूर्यघर योजना घराच्या छतावरच्या वीज पॅनलसाठी आहे, पाणी तापवायच्या यंत्रासाठी नाही. बँकेतही पहिल्या दिवशी मला सूर्यघरचाच फॉर्म हातात दिला होता. चांगला अर्धा भरला होता मी.

शेवटी मुद्रा योजनेतलं किशोर कर्ज घ्यायचं ठरलं, 2 लाखांचं. पन्नास हजार ते पाच लाख या टप्प्याला किशोर म्हणतात, त्याला तारण लागत नाही. कागद असे लागले: आधार, पॅन, उद्यम नोंदणी, गुमास्ता, दोन वर्षांचं आयकर विवरण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, घराचा उतारा, लाइट बिल आणि कोटेशन. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पंधरा मिनिटांचं काम आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानात तिचे 800 मागत होते.

जीएसटीची गंमत सांगायलाच हवी. कोटेशन होतं 1,72,000 अधिक 12 टक्के. 3 सप्टेंबरला बातमी आली, सोलर वॉटर हीटरवरचा कर 22 सप्टेंबरपासून 5 टक्के होणार. म्हणजे 20,640 च्या जागी 8,600. बारा हजार वाचणार! घटस्थापनाही 22 लाच होती, मी म्हटलं देवीच पावली. पण 22 तारीख यायच्या आतच फाइल बँकेत गेली होती, 12 टक्क्यांच्या कोटेशनसकट. बिल आणि कोटेशन रुपयाला रुपया जुळलं पाहिजे, असं साहेबांनी सांगितलं. मग नवं कोटेशन, नवा अर्ज, नवी सही. साहेब रजेवर. फाइल पुन्हा रांगेच्या शेपटीला. तुमचं असं काही दराचं भिजत घोंगडं असेल तर दर लागू झाल्यावरच फाइल द्या. मी 9 सप्टेंबरला देऊन काय मिळवलं, तर तीन जास्तीच्या चकरा.

आणि मग पाऊस. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मांजरा, तेरणा, सीना, कुठलीच नदी पात्रात राहिली नाही. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. आमच्या पोरींपैकी निम्म्यांचे वडील शेतकरी. एकीचा फोन लागायचा, तर ती नुसती "हं, हं" करून रडायची. घरात पाणी शिरलेलं, दोन म्हशी गेलेल्या. त्या महिन्यात मी कुणाला फी मागितली नाही. सोलरसाठी बाजूला ठेवलेले पन्नास हजार किराण्याला गेले. दसऱ्याला मनात आलं, राहू द्या यंदा. हे म्हणाले, "थंडी थांबणार नाही." मग माझ्या पाटल्या आठवडाभर सोनाराकडं जाऊन आल्या. त्याचं फार काही वाटलं नाही, खरं सांगते.

15 ऑक्टोबरला कर्ज मंजूर झालं. मध्ये दिवाळी. 29 ला पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात गेले. हप्ता 6,595, तीन वर्षं. यंत्र बँकेकडं हायपोथिकेट आहे, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत आपल्या गच्चीवर असलं तरी विकता येत नाही. ते विकून मी जाणार कुठं!

10 नोव्हेंबरला माणसं आली. आधी पाइप. जुन्या गार पाण्याच्या पाइपातून गरम पाणी नेता येत नाही, सीपीव्हीसीचा नवा लागतो. त्यावर काळ्या फोमचं वेष्टण. इथं काटकसर करू नका. आमच्या मिस्त्रीनं विचारलं होतं, "काकू, भिंतीतल्या पाइपाला काय करायचंय फोम, दिसत बी नाई." न दिसणाऱ्या भिंतीतच ऊब मुरते, बाबा. पाइप, वेष्टण आणि मजुरी मिळून 46,500 लागले. स्टँड आणि सिमेंटचे ठोकळे 11,000.

13 ला संध्याकाळी शंभर नळ्या बसल्या. काळ्याभोर, मावळत्या उन्हात चमकत होत्या. पोरींनी गच्चीवर येऊन फोटो काढले. बसवणारे म्हणाले, "पाणी आलं की भरून घ्या," आणि गेले. नळाचं पाणी त्या दिवशी नव्हतं, बोअरची मोटर जळलेली. टँकर सांगितला, तो आला दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. पोरगा वर गेला आणि त्यानं कॉक सोडला.

खालून आधी वाटलं कुणी फटाके उडवतंय, दिवाळीतले उरलेले. फट. फट फट. मी धावत वर गेले तोवर नऊ नळ्या गेल्या होत्या, काचांचा खच. कोरडी नळी सकाळपासून उन्हात होती. आत पाणी नसलं की ती दोनशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात टँकरचं गार पाणी पडलं. विक्रेता म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, तुमच्या माणसानं हे का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं असेल. नळी 450 ला एक, 4,050 रुपये मी भरले. म्हणून ठळक सांगते: पहिल्यांदा पाणी भरायचं ते पहाटे किंवा रात्री. शक्य नसेल तर भरेपर्यंत नळ्यांवर ताडपत्री टाकून ठेवा. पैसे पूर्ण देण्याआधी पाणी भरून, एक दिवस वापरून बघा. मी बिल आधीच चुकतं केलं होतं.

17 नोव्हेंबरला पहाटे पहिल्यांदा नळाला गरम पाणी आलं. मी पापड तळायच्या तेलाचा थर्मामीटर घेऊन उभी होते. 54 अंश. आदल्या संध्याकाळी साडेपाचला 60 होतं. रात्रभरात फक्त सहा अंश गेले! मी इतकी खूश की आठवडाभर सगळ्यांना हा आकडा सांगत फिरले. भाजीवाल्यालाही.

मग डिसेंबर आला.

पहिली तक्रार शेवटच्या पोरींची. साडेपाचनंतर नंबर लागणाऱ्यांना कोमट, मग नुसतं गार. हिशोबानं टाकीत पाणी होतं. मी तर पोरींवरच संशय घेतला, पहिल्या जणी दोन-दोन बादल्या घेतात म्हणून. दोन दिवस न्हाणीघराबाहेर पहारा दिला. तसं काही नव्हतं. ज्येष्ठ मिस्त्री म्हणून गल्लीतले एक जण आहेत, वय सत्तरच्या आसपास. त्यांना बोलावलं. ते गच्चीवर बसले, विडी ओढली, टाकीला वरून खालून हात लावला आणि म्हणाले, "पाणी वर ऊन असतंय, खाली गार ऱ्हातंय. दुधावर साय असती का नाई, तसं. तुमी साय मोडायलाव."

झालं होतं असं. या टाकीतून गरम पाणी वरून निघतं आणि त्याला ढकलायला खालून गार पाणी आत येतं. ते सावकाश आलं तर गरम वर तरंगत राहतं. आमचं गार पाणी मोठ्या उंचीवरच्या टाकीतून जोरात यायचं आणि आत घुसळण व्हायची. घुसळलं की सगळंच कोमट. त्यात दोन टाक्या शेजारी-शेजारी जोडलेल्या. जिचा पाइप सरळ, तिच्यातून जास्त पाणी जायचं. ती आधी संपायची, आणि दुसरीत गरम असूनही नळाला दोन्हींचं मिश्रण यायचं. मिस्त्रींनी टाक्या एकापुढं एक जोडल्या. गार पाणी पहिलीत शिरतं, पहिलीचं वरचं पाणी दुसरीच्या तळाशी जातं, दुसरीच्या वरचं न्हाणीघराला. गार पाण्याच्या तोंडाशी आत भोकं पाडलेला पाइप टाकला, म्हणजे धार फुटून पसरते. खर्च 6,800. दुसऱ्या दिवशी बेचाळिसावी पोरगी, नेहमी शेवटी जाणारी, वाफा काढत बाहेर आली. तिनं मिस्त्रींना चहा नेऊन दिला.

दुसरी तक्रार लाइट बिलाची. सोलर बसून महिना झाला तरी बिल 15,200. आधीच्या डिसेंबरला 17,400 होतं. म्हणजे दोन हजारच वाचले? ढगाळ दिवसासाठी टाकीत 3 किलोवॅटची विजेची कॉइल आहे, ती आपोआप चालू होते. विक्रेता म्हणाला होता, "तुम्हाला काही बघायलाच नको." न बघण्यानंच घात केला. पोरींच्या आंघोळी उरकल्या की टाकी गार पाण्यानं भरायची. कॉइलला वाटायचं पाणी गार आहे, तापवा. नऊला ऊन नळ्यांवर येण्याआधीच वीज कामाला लागलेली असायची, सूर्याच्या वाट्याचं काम तीच करायची. 1,400 रुपयांचं टायमर लावलं. आता कॉइल चालते ती फक्त पहाटे साडेतीन ते साडेपाच, आणि तीही संध्याकाळी थर्मामीटर 50 च्या खाली दाखवत असेल तरच मी तिचं बटण दाबून ठेवते. दोन तासांत सहा युनिट जातात आणि 500 लिटर दहा अंशांनी चढतं. तेवढं बास होतं.

तिसरी गोष्ट मी कधी कल्पनाही केली नव्हती. 19 डिसेंबर. नळाला पाणी येऊन सहा दिवस झालेले, गच्चीवरची गार पाण्याची टाकी रात्रीत रिकामी झाली. पहाटे गरम नळ सोडला तर त्यालाही थेंब नाही. वर हजार लिटर ऊन पाणी गच्च भरलेलं आणि खाली 42 पोरी तोंड धुवायला थांबलेल्या. गार पाणी ढकलत नाही तोवर गरम बाहेर येतच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी टाकीच्या तळाचा कॉक उघडून बादल्यांनी पाणी खाली आणलं. मी, हे आणि चार पोरी, तीन जिने. मग सोलरसाठी वेगळी गार पाण्याची टाकी घेतली, जिन्याच्या छतावर, तिचं पाणी दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. जोडणीसकट 9,200. गावाला रोज पाणी येत असेल त्यांना हे सुचणार नाही. लातूरला सुचायला हवं होतं.

पाण्याचं आणखी एक. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत आमचा एक इंची पाइप तीस मीटर आहे. मीटरला अर्धा लिटर धरा, म्हणजे रात्रभर गार झालेलं पंधरा लिटर पाणी आधी येतं, मग गरम. अशा तीन लाइनी, रोजचे 45 लिटर गटारात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं या शहराला. घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे मी. मला ते पाणी वाहताना बघवेना. एकानं गोल फिरवणारा छोटा पंप सुचवला, पण तो पाणी टाकीत परत नेऊन पुन्हा साय मोडेल असं मिस्त्रींचं म्हणणं पडलं. मग नियम केला: पहिली बादली भांड्यांची. जी पहिली जाईल तिनं नळाखाली मेसची बादली लावायची, पाणी कोमट व्हायला लागलं की आपली. ती बादली मावशी भांडी भिजवायला नेतात. पोरींनी दारावर चिठ्ठी लावली, "पहिली बादली मावशीची". एखादी विसरते. मावशी नाही विसरत.

आता खडूच्या खुणा. इंजिनिअरनं जागा आखली ऑगस्टमध्ये. तेव्हा दुपारचं ऊन लातूरला जवळजवळ डोक्यावर असतं आणि सूर्य मावळतो उत्तरेकडं झुकून. गच्चीवर सावली नावाला नव्हती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो. भर दुपारीही तो क्षितिजापासून फक्त 48 अंश वर असतो. आमची जिन्याची खोली आहे नैऋत्येला. तीननंतर तिची सावली पहिल्या टाकीच्या दहा-बारा नळ्यांवर सरकते. हलवायचं तर पुन्हा तुळया, पुन्हा पाइप. राहू दिलं. तुम्ही जागा उन्हाळ्या-पावसाळ्यात बघत असाल तर दक्षिणेकडं आणि नैऋत्येकडं काय उभं आहे ते आधी बघा. शेजारी मजला चढवणार आहेत का, तेही चहाला बोलावून विचारून घ्या.

सगळा खर्च मिळून 2,62,550 झाला. सुरुवातीचे 2,41,100 आणि चुका निस्तरायचे 21,450. त्यातले नळ्यांचे पैसे टळले असते, गार पाण्याच्या टाकीचे नाही, ती लागणारच होती. जानेवारीचं बिल 9,150 आलं. हप्ता वजा जाता हातात फार राहत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी लागतं, तेव्हा बचतही कमीच दिसेल. तीन वर्षांनी हप्ता संपेल तेव्हाचं तेव्हा बघू.

देखभाल म्हणाल तर महिन्यातून एकदा नळ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, सकाळी लवकर. लातूरची धूळ बारीक असते, काळी नळी आठ दिवसांत मातकट होते. तीन महिन्यांनी तळाचा कॉक सोडून गाळ काढायचा. परवा पहिल्यांदा काढला, पांढऱ्या भुकटीसकट ताकासारखं पाणी आलं. संक्रांतीच्या भोगीला पोरींनी स्वतःहून सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळा तक्त्यात मांडल्या, पाच-पाच मिनिटांच्या फरकानं. पाइप मध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. हे मला सुचलं नव्हतं.

हे लिहितेय तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेचे पाळणे लागलेत, पोरी "एकच तास" म्हणून मागं लागल्या आहेत. मेमध्ये नीट झाली की या सगळ्या गावाकडं जातील आणि दीड महिना पाणी कुणी वापरणार नाही. भर उन्हाळ्यात वापराविना टाकी उकळत राहते, तेव्हा निम्म्या-अधिक नळ्या झाकून ठेवाव्या लागतात. त्यासाठी जुनी ताडपत्री धुऊन, कड्या लावून माळ्यावर ठेवली आहे. दोरी मात्र नवी घ्यावी लागेल, वळवाच्या वाऱ्यात जुनी टिकत नाही.